यंत्राला भाषा शिकवणाऱ्या हॉपर मॅडम

फर्स्ट इयरपासून आपण सगळेच एक काम न चुकता करत आलो आहोत. प्रोग्रॅम टाइप करायचा, कंपाइल करायचा आणि मग आलेल्या एररच्या यादीकडे तोंड वासून बघायचं. कुठेतरी एक सेमीकोलन राहिलेला असतो आणि त्या एकापायी सतरा एरर आलेल्या असतात. मग आपण कंपायलरला शिव्या घालतो. पण हा कंपायलर नावाचा प्राणी जगात नव्हताच तेव्हा लोक काय करत असतील? आणि तो बनवायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल?

ज्यांच्या डोक्यात आलं त्यांचं नाव ग्रेस हॉपर. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना हे नाव व्हायव्हापुरतं माहीत असतं. कोबोलची आई, आणि पहिला बग शोधणारी बाई. दोन्ही उत्तरांना मार्क मिळतात, पण दोन्ही उत्तरं अर्धीच खरी आहेत. पूर्ण गोष्ट जास्त मजेची आहे. सिव्हिलवाल्यांनी एवढ्यात पान उलटू नये, त्यांच्यासाठी सुरुवातीलाच काहीतरी आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. तीन भावंडांत ही थोरली. वडील विम्याच्या व्यवसायात होते. आईचे वडील सिव्हिल इंजिनिअर आणि सर्व्हेअर. आजोबा सर्व्हेला निघाले की नातीला बरोबर न्यायचे आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा रॉड तिच्या हातात द्यायचे. (होय, आपण उन्हात धरून उभे असतो तोच रेंजिंग रॉड!) आईला गणिताची आवड, पण तिच्या काळात मुलींनी फार पुढचं गणित शिकणं बरं दिसत नसे. त्यामुळे तिची हौस तशीच राहून गेली. लेकीच्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं.

सात वर्षांची असताना सुट्टीतल्या घरी ग्रेसने गजराचं एक घड्याळ उघडलं. आतली चाकं भराभर बाहेर पडली, परत बसेनात. मग बसवायची कशी हे बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. असं करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली. आईने काय केलं? एक घड्याळ तिला देऊन टाकलं आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही असा नियम केला. आपल्याकडे काय झालं असतं ते सांगायला नको.

वडिलांना रक्तवाहिन्यांचा आजार होता. त्यात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. आपण उद्या असू नसू, म्हणून मुलींनीही मुलाइतकंच शिकून कमावतं झालं पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. आपल्या मराठीत त्याला स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणतात. ज्याचे दोन्ही पाय गेले त्या माणसाने ते लेकींसाठी मनावर घेतलं, हे वाचताना मी जरा थांबले होते.

एवढं सगळं असूनही ही मुलगी पहिल्या फटक्यात कॉलेजला लागली नाही. व्हॅसार हे तेव्हा मुलींचं नावाजलेलं कॉलेज. तिथल्या प्रवेशात लॅटिन भाषेत मार्क कमी पडले आणि एक वर्ष थांबावं लागलं. म्हणजे ज्या बाई पुढे यंत्राला भाषा शिकवणार होत्या त्या भाषेच्याच पेपरात अडकल्या! पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठातून एम. ए. आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएच. डी. मधल्या काळात, १९३० साली, व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न. ते इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. १९३१ पासून ग्रेस व्हॅसारमध्ये गणित शिकवू लागली. आता ती प्राध्यापक झाली, तेव्हा इथून पुढे हॉपर मॅडम आणि अहो-जाहो.

मॅडमच्या वर्गातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रोबॅबिलिटीच्या तासाला त्या पहिल्यांदा एक सूत्र शिकवायच्या आणि मग त्यावर निबंध लिहायला लावायच्या. निबंध आला की त्यातलं व्याकरण आणि स्पेलिंग लाल शाईने तपासून परत द्यायच्या. मुली वैतागायच्या. हा गणिताचा वर्ग आहे की इंग्रजीचा? मॅडमचं म्हणणं असं की जे गणित दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ते शिकून उपयोग काय. (आपल्याकडे कुणी हे सुरू केलं तर अर्ध्या वर्गाला केटी लागेल. सरांनी ही आयडिया घेऊ नये ही नम्र विनंती.) पुढे आयुष्यभर त्यांनी जे केलं त्याचं मूळ मला या निबंधांत दिसतं.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. मॅडमचे पणजोबा नौदलात अॅडमिरल होते. त्यांनाही नौदलात जायचं होतं. पण वय छत्तीस उलटून गेलेलं, म्हणजे नियमात न बसणारं. वजन जेमतेम ४८ किलो, नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांनी वर्गातच राहावं असं सरकारचं धोरण. मॅडम हटून बसल्या. कॉलेजातून रजा काढली, वजनाची सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिलांच्या राखीव दलात भरती झाल्या. ट्रेनिंगला बरोबरच्या मुली त्यांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. तिथे मॅडम पहिल्या आल्या.

गणिताच्या पीएच. डी.चं नौदल काय करणार? नौदलाने त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं. तिथे हॉवर्ड एकन नावाच्या कडक माणसाच्या हाताखाली एक यंत्र चालत होतं, मार्क वन. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन, आत साडेसात लाखांच्या आसपास सुटे भाग आणि सुमारे ८०० किलोमीटर वायर. सगळं रिले आणि फिरणाऱ्या चाकांवर चालणारं, त्यामुळे आवाज प्रचंड. एका सेकंदात तीन बेरजा व्हायच्या. एका गुणाकाराला सहाएक सेकंद. आज हसू येतं, पण हे यंत्र २३ आकडी संख्या हाताळायचं आणि रात्रंदिवस न थकता चालायचं. जुलै १९४४ मध्ये मॅडम हजर झाल्या तेव्हा एकन साहेबांनी स्वागताला चहा वगैरे दिला नाही. आर्कटँजंटच्या सिरीजचे कोएफिशियंट काढून आणायला सांगितलं, मुदत एक आठवडा. मॅडमनी याआधी कॉम्प्युटर बघितलाही नव्हता.

या यंत्राला काम सांगायचं म्हणजे कागदी पट्टीवर भोकं पाडायची. पट्टीच्या प्रत्येक ओळीत २४ जागा, आणि कुठे भोक आहे, कुठे नाही यावरून यंत्राला कळणार की कोणती संख्या कुठून उचलायची, कुठे ठेवायची आणि तिचं काय करायचं. तेच काम परत परत करून घ्यायचं असेल तर पट्टीची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवायची. आपण वहीत काढतो तो लूप तिथे खरोखरचा गोल कागद होता! एक भोक चुकलं की सगळं उत्तर चुकलं, आणि चूक शोधायला एरर मेसेज नाही.

कामं युद्धाची होती. तोफांच्या पल्ल्याची कोष्टकं, पाणसुरुंगांची गणितं. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन एक किचकट गणित घेऊन आले. ते कशाचं आहे हे तिथल्या लोकांना तेव्हा सांगितलं नव्हतं. अणुबॉम्बच्या आतल्या स्फोटाचं ते गणित होतं हे नंतर कळलं. कॉम्प्युटरच्या इतिहासात हे पान आहे आणि मॅडमच्या आयुष्यातही आहे. कौतुकाच्या लेखातून ते गाळावंसं वाटतं, पण गाळू नये.

मार्क वनवर काम करताना मॅडमच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि सगळी पुढची गोष्ट तिथून सुरू होते. साइन काढायचा प्रोग्रॅम एकाने एकदा लिहिला की तो वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्याला गरज पडली की तो त्या वहीतून आपल्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घ्यायचा आणि त्यातले पत्ते आपल्या जागेप्रमाणे बेरीज करून बदलायचा. इथेच गोंधळ व्हायचा. लोकांना नीट उतरवता येत नाही आणि बेरीजही धड येत नाही. एकाच्या हाताचं बी अक्षर दुसऱ्याला १३ वाटायचं, त्रिकोणासारखी डेल्टाची खूण ४ वाटायची. होस्टेलमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल छापणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मॅडमना वाटलं की उतरवणं आणि पत्त्यांची बेरीज करणं ही दोन कामं माणसाला जमत नाहीत आणि यंत्राला तीच दोन उत्तम जमतात, तर मग ती माणूस का करतोय? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात पुढे काही वर्षं राहिला.

आता त्या प्रसिद्ध किड्याचं. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता ७० नंबरच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला, मेलेला. ऑपरेटरनी तो लॉगबुकात चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहून ठेवलं की बग प्रत्यक्षात सापडल्याची ही पहिलीच घटना. ते लॉगबुक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट. पण तो पतंग मॅडमनी काढला नव्हता, लॉगबुकातलं अक्षरही त्यांचं नाही. आणि यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची आहे, म्हणून तर त्या ओळीत विनोद आहे. मॅडमनी काय केलं, तर ही गोष्ट पुढे शेकडो भाषणांत इतकी रंगवून सांगितली की लोकांनी पतंग त्यांच्याच नावावर जमा केला.

युद्ध संपलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. नौदलात कायम होण्यासाठी अर्ज केला तो वयामुळे नाकारला गेला, राखीव दलात तेवढं राहता आलं. हार्वर्डची नेमणूक मुदतीची होती आणि १९४९ मध्ये ती संपली. बाईंना कायमची प्राध्यापकी तिथे मिळणार नव्हती. त्या काळात मॅडमचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दारूच्या नशेत पोलिसांनी त्यांना पकडल्याचीही नोंद आहे. एका जुन्या मित्राने कळकळीचं पत्र लिहून त्यांना सावरायचा प्रयत्न केला. वय ४२, नवरा नाही, पर्मनंट नोकरी नाही. मराठी चरित्रलेखांत असे भाग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकतात, मीही तेच केलंय. पण पुढचं सगळं काम यानंतरचं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

नवी नोकरी फिलाडेल्फियात मिळाली. एकर्ट आणि मॉकली या दोघांची कंपनी, जे युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर विकायला बनवत होते. लवकरच ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याला गेला. या यंत्राला इलेक्ट्रॉनिक ट्यूब होत्या, म्हणून मार्क वनच्या मानाने विजेसारखा वेग. मेमरी मात्र १,००० शब्दांची, शब्द १२ अक्षरांचा, म्हणजे एकूण १२ हजार अक्षरं. आपल्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही.

याच कंपनीच्या बायनॅक यंत्रासाठी मॅडम ऑक्टल पद्धतीत गणितं करायला शिकल्या, म्हणजे आठाच्या पायावर. इतक्या मुरल्या की त्यांच्या चेकबुकाचा हिशोब बँकेशी जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाने बघून सांगितलं की बाई गं, तू अधूनमधून वजाबाकी आठाच्या पायाने करते आहेस. हा किस्सा त्या स्वतःच सांगायच्या. पण हसून झाल्यावर त्यातून त्यांनी काढलेला अर्थ वेगळा होता. यंत्राशी बोलण्यासाठी माणसाने आपलं डोकं वाकडं करून घ्यायचं, की यंत्राने माणसाकडे यायचं?

फिलाडेल्फियात त्यांना बेटी होलबर्टन भेटल्या. एनिॲकवर काम केलेल्या सहा मुलींपैकी या एक. त्यांनी १९५१ मध्ये एक असा प्रोग्रॅम लिहिला होता की त्याला डेटाचं वर्णन दिलं की तो सॉर्टिंगचा प्रोग्रॅम आपला आपण तयार करून देई. प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम! याचं श्रेय मॅडम शेवटपर्यंत होलबर्टनना देत राहिल्या. त्यावरून त्यांनी १९५१-५२ मध्ये ए-झीरो तयार केला. कल्पना अशी. तपासून घेतलेले सगळे उपयोगी तुकडे टेपवर साठवायचे, प्रत्येकाला एक छोटं नाव द्यायचं. प्रोग्रॅमरने फक्त नावांची यादी द्यायची. मग यंत्राने टेपवरून ते तुकडे उचलायचे, मेमरीत कुठे बसतात ते ठरवायचं, पत्ते दुरुस्त करायचे आणि सगळं एकत्र करून एक तयार प्रोग्रॅम बाहेर काढायचा. इकडून तिकडून गोळा करून एकत्र करणं म्हणजे संकलन, म्हणून नाव कंपायलर.

यात एक पेच आला. मागे उडी मारायची असेल तर ती जागा माहीत असते. पण पुढे उडी मारायची असेल तर पुढचा तुकडा कुठे बसणार हे अजून ठरलेलंच नसतं, आणि मेमरी एवढीशी असल्यामुळे अख्खा प्रोग्रॅम एकदम डोळ्यासमोर ठेवता येत नाही. मॅडम कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत बॉल घेऊन फार पळता येत नसे, तो मैदानात दुसऱ्या कुणाकडे टाकून आपण पुढे जायचं आणि मग परत घ्यायचा. त्यांनी तेच केलं. पुढे जाणारी उडी मेमरीतल्या एका ठरलेल्या कोपऱ्यात टाकायची, आणि पुढच्या तुकड्याचा पत्ता ठरला की कोपऱ्यात तिथे जाण्याची सूचना लिहायची. टू-पास असेंब्लर शिकताना आपण ज्या फॉरवर्ड रेफरन्सला कंटाळतो तो हाच.

हे काम त्यांनी मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत मांडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला असेल असं वाटतं ना? लोकांचा विश्वासच बसला नाही. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, हेच त्यांना ऐकावं लागलं. चालता कंपायलर हातात असून कुणी तो वापरायला तयार होईना. काही जणांना पटत नव्हतं, आणि काहींना पटलं असतं तर पंचाईत होती. भोकांची आणि आकड्यांची ती भाषा मूठभर लोकांनाच येत होती. सगळ्यांनाच यंत्राशी बोलता यायला लागलं तर त्यांची किंमत काय राहणार? देवाशी बोलायचं तर भटजीकडूनच, तसलाच हा प्रकार.

आजच्या व्याख्येप्रमाणे ए-झीरोला कोणी लिंकर-लोडर म्हणेल. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला अॅलिक ग्लेनी यांनीही ऑटोकोड नावाचा अनुवादक तयार केला होता. त्यामुळे जगातला पहिला कंपायलर कुणाचा यावर आपल्या कॉमन रूममध्ये भांडायला भरपूर वाव आहे. माझ्या मते भांडणाचा मुद्दा तो नाहीच. मॅडम तिथे थांबल्या नाहीत ही गोष्ट मोठी आहे.

त्यांच्या लक्षात आलं होतं की कॉम्प्युटर वापरणारे दोन जातीचे असतात. गणितवाल्यांना चिन्हं आवडतात, त्यांना सूत्रं लिहू द्या. पण पगार, बिलं, गोदामातला माल बघणाऱ्या लोकांना चिन्हं बघितली की ताप येतो. त्यांना साध्या शब्दांत लिहायचं असतं. मग साध्या इंग्रजी वाक्यांत प्रोग्रॅम का लिहू नये? वरच्या साहेबांनी सांगितलं की जमणार नाही, कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही. झालं, मॅडमनी १९५५ च्या सुरुवातीला एक छोटा नमुना करून दाखवला. थोडीशी इंग्रजी वाक्यं, आणि यंत्र त्याप्रमाणे काम करतंय. मग उत्साहाच्या भरात त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये करून दाखवला. आणि इथे घोटाळा झाला! साहेब लोक घाबरले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कसं काय समजेल? शक्यच नाही, आणि शोभणारही नाही. मॅडमना पुढचे कित्येक महिने आश्वासन देत फिरावं लागलं की आम्ही फक्त इंग्रजीच वापरू.

हा किस्सा मला फार आवडतो, कारण गंमत अशी की यंत्राला इंग्रजीसुद्धा समजत नव्हतं. त्याच्या लेखी अक्षरं म्हणजे बिटांची नक्षी. अमुक नक्षी आली की बेरीज करायची, एवढं कोष्टक त्याला दिलेलं. कोष्टकात फ्रेंच शब्द भरा की जर्मन, त्याला काय फरक पडतो? मराठीचं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजी हुकमात ते पहिल्यांदा येतं, म्हणजे नियम जरा उलटे लिहावे लागतील इतकंच. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि मनातल्या मनात कायमचं भाषांतर, याची सवय आहे. भाषांतराचं ओझं दोघांपैकी कुणीतरी उचलावंच लागतं. मॅडम म्हणत होत्या की ते यंत्राने उचलावं. पण त्या मीटिंगमध्ये ठरलं की समोरचा माणूस इंग्रजी बोलणाराच असेल. आज आपण सी, जावा, पायथॉन कशातही लिहितो तेव्हा इफ आणि व्हाइल इंग्रजीतच लिहितो. त्याला अर्थातच कारणं पुष्कळ आहेत, पण मला ही मीटिंग आठवतेच.

नमुन्याची पुढे फ्लो-मॅटिक ही भाषा झाली. एव्हाना आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या टीमने १९५७ मध्ये फोरट्रान आणली होती आणि गणितवाल्यांची सोय झाली होती. व्यवसायाच्या जगात मात्र प्रत्येक कंपनीची यंत्रं वेगळी आणि भाषा वेगळी. कॉम्प्युटर बदलला की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहा. सगळ्यांची मिळून एकच भाषा असावी यासाठी एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बैठक झाली. पुढाकार बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांचा. मे महिन्यात संरक्षण खात्याने पेंटागॉनमध्ये सगळ्यांना बोलावलं, समित्या नेमल्या गेल्या आणि त्यातून कोबोल जन्माला आली. मॅडम सल्लागार होत्या. प्रत्यक्ष भाषा समितीने लिहिली, त्यात जीन सॅमेट आणि इतर बरेच जण होते. पण समितीसमोर जी चालती-बोलती वाक्यरचना होती ती मुख्यतः फ्लो-मॅटिकची. तेव्हा मॅडमना कोबोलची आई म्हणण्यापेक्षा आजी म्हणणं जास्त बरोबर. समितीतल्या एकाने तर वैतागून कोबोलचं नाव कोरलेला थडग्याचा दगड पेंटागॉनला पाठवून दिला होता, की ही आता मेलीच समजा! डिसेंबर १९६० मध्ये तीच कोबोल, एकच प्रोग्रॅम घेऊन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालून दाखवती झाली. मग संरक्षण खात्याने जाहीर केलं की कोबोल चालत नसेल तो कॉम्प्युटर आम्ही सहसा घेणार नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हटल्यावर सगळे सरळ झाले.

कोबोलमध्ये गुणाकार करायचा तर मल्टिप्लाय रेट बाय क्वांटिटी गिव्हिंग अमाउंट असं अख्खं वाक्य लिहायचं, आणि शेवटी पूर्णविराम. कॉम्प्युटर सायन्सची मोठी माणसं या भाषेला नावं ठेवत आली, डाइकस्ट्रा तर फार कडवटपणे. वाक्यं लांबलचक आहेत हे खरंच आहे. मॅनेजर लोक स्वतः प्रोग्रॅम वाचतील ही आशाही तशी फोलच ठरली. पण बँकेतला, विमा कंपनीतला माणूस प्रोग्रॅमर होऊ शकला तो या लांबलचक वाक्यांमुळेच.

१९६६ च्या अखेरीस वयाच्या साठाव्या वर्षी नौदलाने मॅडमना राखीव दलातून निवृत्त केलं. मॅडमना फार वाईट वाटलं. पण सातच महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, परत बोलावणं आलं. नौदलाच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर कोबोल वेगळ्या तऱ्हेची चालत होती, ती एकसारखी करून द्या, सहा महिन्यांचं काम आहे. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले, मध्ये एकदा पुन्हा निवृत्ती आणि पुन्हा बोलावणं धरून. कोणता कंपायलर नियमाप्रमाणे चालतो हे तपासणारे प्रोग्रॅम त्यांच्या टीमने तयार केले. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या डेटा प्रोसेसिंगवाल्यांच्या संघटनेने कॉम्प्युटर सायन्सचा पहिला मॅन ऑफ द इयर पुरस्कार दिला तो मॅडमना. हो, मॅन!

याच काळात त्या गावोगाव भाषणं देत फिरू लागल्या. पांढरे केस, नौदलाचा युनिफॉर्म, आणि हातात सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या वायरचे तुकडे. सॅटेलाइटवरून संदेश यायला इतका वेळ का लागतो असं अॅडमिरल लोक विचारत. मॅडम एकेकाच्या हातात तो तुकडा देत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, आता इथपासून सॅटेलाइटपर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजा. मग मायक्रोसेकंद म्हणून जवळजवळ ३०० मीटर वायरचं भेंडोळं काढायच्या आणि पिकोसेकंद म्हणून मिऱ्याची पूड वाटायच्या. ऑफिसात त्यांचं भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरायचं. नेहमीच असं करतो म्हणून असंच करायचं, या सवयीचा त्यांना राग होता आणि ते घड्याळ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवण्यासाठी होतं. घड्याळांशी त्यांचं लहानपणापासूनच काहीतरी होतं.

१४ ऑगस्ट १९८६ ला बोस्टनमध्ये, १७९७ साली पाण्यात उतरलेल्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजावर, मॅडम रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. वय ७९. त्या वेळी नौदलात कामावर असलेल्या अधिकाऱ्यांत सगळ्यात वयस्कर त्याच. दुसरं कुणी घरी बसलं असतं, मॅडम डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच त्या गेल्या, वय ८५. नौदलाने एका युद्धनौकेला हॉपर नाव दिलं, ती १९९७ मध्ये सेवेत आली. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना मरणोत्तर देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०१७ मध्ये येल विद्यापीठाने आपल्या एका कॉलेजला गुलामगिरीच्या समर्थकाचं असलेलं नाव काढून ग्रेस हॉपर कॉलेज असं नाव ठेवलं.

मॅडम गेल्यावर कोबोलने आपल्याला, म्हणजे भारताला, एक धंदा दिला. जुन्या प्रोग्रॅमांत जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत असत. २००० साल आलं की ते ०० होणार आणि यंत्राला १९०० वाटणार. ही वायटूके भानगड निस्तरायला कोट्यवधी ओळींचं कोबोल वाचून दुरुस्त करणारी माणसं हवी होती. १९९६ ते ९९ या काळात आपल्या कंपन्यांनी ती पुरवली, मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सीसारख्यांनी तर हजारोंनी. तेव्हा मुंबई-पुण्यात कोबोलच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. अनेक मराठी मुलांची परदेशाची पहिली फेरी त्या ०० मुळे झाली. आपल्या स्टाफ रूममध्ये विचारून बघा, त्या क्लासचं सर्टिफिकेट एखाद्या सरांच्या फाइलमध्ये अजून सापडेल.

कोबोल आता संपली असं तेव्हाही म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, बेकारभत्त्याचे अर्ज एकदम आले आणि न्यू जर्सी राज्याची चाळीस वर्षं जुनी यंत्रणा गुदमरली. तिथल्या गव्हर्नरनी पत्रकार परिषदेत कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं आवाहन केलं. पुढे आले त्यांत बरेच जण साठी ओलांडलेले, केव्हाच निवृत्त झालेले होते.